उत्तर तोंडपाठ, पण कागद कोरा! एडीएचडी असलेल्या मित्राला लिखाणात फोनची मदत कशी कराल?

तुमच्या वर्गात असा एखादा मित्र किंवा मैत्रीण नक्की असेल. सरांनी प्रश्न विचारला की सगळ्यांच्या आधी उत्तर देणार, कँटीनमध्ये एखादा विषय निघाला की अर्धा तास बोलणार. पण असाइनमेंट जमा करायचा दिवस आला की ‘उद्या देतो सर’. पेपरात पाचपैकी दोनच प्रश्न पूर्ण, तिसरा अर्धवट आणि बाकीची पानं कोरी. घरी मात्र एकच वाक्य ठरलेलं: “पोरगं हुशार हाये, पण लिहाचा आळस करते.”

आळस असूही शकतो. पण दरवेळी तोच असतो असं नाही. काही जणांच्या बाबतीत यामागे एडीएचडी असतो, आणि मग ‘नीट लक्ष दे’ हे शंभर वेळा सांगूनही काही बदलत नाही. पुण्या-मुंबईत यासाठी समुपदेशक आणि खास शिक्षक तरी सापडतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावसारख्या तालुक्याच्या गावात बहुतेकांच्या हाताशी दोनच गोष्टी असतात: एक स्मार्टफोन आणि एखादा जवळचा मित्र. या दोघांच्या मदतीने काय काय करता येतं, ते आज पाहूया.

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. नावात लक्षाची ‘कमतरता’ असली तरी खरी अडचण लक्ष हवं तिथे वळवण्याची आणि टिकवण्याची असते. म्हणून हाच मुलगा क्रिकेटची मॅच किंवा मोटारसायकलचं इंजिन यात तीन तास रमतो, पण दोन पानं लिहायला बसला की दहाव्या मिनिटाला उठतो. घरच्यांना वाटतं, ‘आवडीचं बरोबर जमतं याला!’ पण हे मुद्दाम केलेलं नसतं.

याची लक्षणं लहानपणापासून असतात. डॉक्टर निदान करताना ती वयाच्या १२ वर्षांच्या आधी दिसत होती का, हे आवर्जून विचारतात. शिवाय प्रत्येक जण उड्या मारणारा, चुळबुळ करणारा असतोच असं नाही. काही जण शांत बसलेले असतात, पण मन भलतीकडेच असतं. मुलींमध्ये हा प्रकार जास्त वेळा नजरेतून सुटतो, कारण ती वर्गात कुणाला त्रास देत नाही.

‘तारे जमीन पर’ बघून अनेकांचा गोंधळ होतो. त्या सिनेमातल्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं वाचण्या-लिहिण्यातली अडचण. एडीएचडी ही वेगळी गोष्ट आहे. मात्र एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात. हा मुद्दा पुढे परीक्षेच्या सवलतीसाठी महत्त्वाचा ठरतो, तेव्हा लक्षात ठेवा.

मग लिहितानाच गाडी का अडते?

फोनच्या भाषेत सांगतो. फोनचं स्टोरेज २५६ जीबी आहे, पण रॅम कमी आहे. फाईल्स सगळ्या आहेत, पण एकाच वेळी पाच ॲप उघडले की फोन हँग होतो. एडीएचडीमध्ये साधारण असंच होतं. माहिती डोक्यात असते, पण ती तात्पुरती धरून ठेवणारी जागा, म्हणजे वर्किंग मेमरी, लवकर भरते.

आता एक उत्तर लिहिताना डोकं किती कामं एकदम करतं, ते मोजा. प्रश्नात काय विचारलंय ते लक्षात ठेवायचं, मुद्दे आठवायचे, त्यांचा क्रम लावायचा, वाक्य जुळवायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, हाताने अक्षर काढायचं आणि घड्याळाकडेही लक्ष ठेवायचं. झाली सात कामं. हात पहिलं वाक्य लिहीत असतो, तोवर तिसरा मुद्दा डोक्यातून उडालेला असतो.

बोलताना यातली निम्मी कामं नसतातच. समोरचा मान डोलावतो, मध्येच ‘मग?’ विचारतो, आणि गाडी पुढे जाते. म्हणून आपली युक्ती सोपी आहे: सात कामं एकदम करायची नाहीत. एका वेळी एकच करायचं, आणि जे डोक्यात मावत नाही ते बाहेर, फोनवर किंवा कागदावर, ठेवायचं.

आधी फोनलाच गप्प करा

ज्या फोनची मदत घ्यायची, तोच सगळ्यात मोठा चोर आहे. असाइनमेंटसाठी हातात घेतला आणि रील बघत तास गेला, हे आपल्या सगळ्यांचं होतं. एडीएचडी असेल तर जास्तच. म्हणून सुरुवात इथून करा.

१. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये जा. तिथे ‘फोकस मोड’ असतो. इन्स्टाग्राम, यूट्यूब, गेम असे ॲप निवडा, म्हणजे तेवढा वेळ ते उघडणार नाहीत. आयफोनमध्ये ‘फोकस’ आणि ‘स्क्रीन टाइम’ वापरून असंच करता येतं.

२. सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘पिन’ टाइप करून बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ॲप पिन करण्याची सोय असते. डॉक्स पिन केलं की चुकून दुसरीकडे जाता येत नाही. बाहेर पडायला ठरावीक बटणं दाबावी लागतात, आणि तेवढ्या वेळात ‘अरे, मी लिहीत होतो’ हे आठवतं.

३. टायमर लावा. पोमोडोरो नावाच्या पद्धतीत २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी असते. २५ जड वाटत असतील तर १० पासून सुरू करा. सुट्टीत मात्र फोन नाही: पाणी प्या, अंगणात चक्कर मारा.

पायरी पहिली: आधी बोला, मग लिहा

गूगलने २०१७ मध्येच मराठीतून बोलून टाइप करायची सोय आणली, पण अजूनही आपण ती फक्त व्हॉट्सॲपपुरतीच वापरतो. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘लँग्वेजेस’मध्ये मराठी जोडा, ‘व्हॉइस टायपिंग’मध्येही मराठी निवडलेली आहे का बघा. मग गूगल डॉक्स उघडून कीबोर्डवरचा माइक दाबा आणि बोलायला लागा.

समजा, विषय आहे ‘यवतमाळ जिल्ह्यातील कापूस शेतीच्या समस्या’. मित्राला सांगा, ‘असाइनमेंट विसर, मला नुसतं सांग.’ तो साधारण असं बोलेल:

“आपल्याकडं पाणी कुठं हाये, सगळं पावसावर. पाऊस लांबला की दुबार पेरणी. मग ते बोंडअळी, गुलाबी. फवारणीचा खर्च. वेचायला मजूर भेटत नाही, भेटले तर किलोमागं पैसे वाढवून मागतात. अन् एवढं करून भाव नाही. हां, अन् बियाणं पण दरवर्षी इकत घ्या लागते.”

एका मिनिटात सहा मुद्दे! हाच मुलगा कोऱ्या कागदासमोर तासभर बसला असता तर ‘प्रस्तावना’ हा शब्द लिहून थांबला असता. टाइप झालेल्या मजकुरात चुका असतील, विरामचिन्हं बहुतेक हातानेच घालावी लागतील, आपली वऱ्हाडी बोली माइकला सगळीच कळणार नाही. हरकत नाही. या पायरीत एकही चूक सुधारायची नाही, हाच नियम आहे. गावात नेट बरोबर चालत नसेल तर साध्या रेकॉर्डरवर बोला आणि नंतर ऐकत ऐकत मुद्दे उतरवा.

पायरी दुसरी: मुद्द्यांचा क्रम लावा

आता बोललेल्यातून फक्त मुद्दे काढा आणि प्रत्येकाला दोन-तीन शब्दांचं शीर्षक द्या: कोरडवाहू शेती, बियाण्याचा खर्च, गुलाबी बोंडअळी, फवारणीचा खर्च, वेचणीची मजुरी, बाजारभाव. हेच शेतीच्या हंगामाच्या क्रमाने लावलं तर पेरणीपासून विक्रीपर्यंत उत्तराचा सांगाडा तयार होतो. डॉक्समध्ये या ओळींना ‘हेडिंग’ दिलं की आउटलाइनमध्ये त्या एकाखाली एक दिसतात. कुठे होतो हे विसरलं तरी एका टॅपवर परत जागेवर येता येतं.

मग एका बैठकीत एकच हेडिंग. ‘असाइनमेंट पूर्ण कर’ हे काम डोक्याला डोंगराएवढं वाटतं. ‘बोंडअळीवर चार वाक्यं लिही’ हे आवाक्यातलं वाटतं.

पायरी तिसरी: वाचू नका, ऐका

स्वतःचं लिहिलेलं तपासायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, आणि एडीएचडीमध्ये डोळे ओळीवरून नुसते घसरतात. त्यासाठी अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू करा. मजकूर निवडला की फोन तो मोठ्याने वाचून दाखवतो, मराठीतसुद्धा. अर्धवट राहिलेलं वाक्य किंवा दोनदा आलेला शब्द कानाला लगेच खटकतो.

पुस्तकातलं पान कळत नसेल तर गूगल लेन्सने फोटो काढून मजकूर कॉपी करा आणि तोही ऐका. छापील मराठी लेन्सला बऱ्यापैकी कळते. हाताने लिहिलेल्या नोट्समध्ये मात्र ते गडबड करतं.

मित्र म्हणून तुम्ही काय कराल?

सगळ्यात सोपी मदत म्हणजे नुसतं शेजारी बसणं. याला बॉडी डबलिंग म्हणतात. तुम्ही तुमचा अभ्यास करा, तो त्याचा करेल. बोलायची गरज नाही. सोबत कुणीतरी काम करतंय, एवढ्यानेच अनेकांना सुरुवात करता येते. एकाचं घर महागावात आणि दुसऱ्याचं उमरखेडच्या बाजूला असेल तर व्हिडिओ कॉल लावून फोन समोर उभा करून ठेवा, आवाज म्यूट.

दुसरी मदत म्हणजे तारखा तोडणं. १५ तारखेला असाइनमेंट द्यायची असेल तर ‘१५ ला दे’ असं नका सांगू. ८ ला बोलून रेकॉर्ड, १० ला हेडिंग, १३ पर्यंत लिखाण आणि १४ ला ऐकून तपासणी. प्रत्येकाचा वेगळा रिमाइंडर लावा, आणि तो बसल्या जागी सुरू करता येईल अशा वेळेचा हवा. हिवाळी परीक्षेच्या दिवसांत घरी कापूस वेचणी असते, दिवसभर शेतात गेल्यावर रात्री नऊचा रिमाइंडर बंदच होणार. सकाळी सहाचा लावून बघा.

तिसरी मदत म्हणजे डॉक्समध्ये कमेंट करणं. फाईल शेअर करून घ्या आणि ‘इथे एक उदाहरण दे’ अशी एकच सूचना लिहा, एकदम दहा नको.

एक गोष्ट मात्र करू नका: त्याची असाइनमेंट तुम्ही लिहून देऊ नका. त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, पण तीन तासांच्या पेपरात तो पुन्हा एकटाच असतो. आणि ‘एवढं सोपं आहे, तुला कसं येत नाही?’ हे वाक्य तर नकोच. ते त्याने पहिलीपासून ऐकलेलं असतं.

चॅटजीपीटी, जेमिनी वापरायचं का?

वापरा, पण लिहून घ्यायला नाही. ‘यवतमाळच्या कापूस शेतीवर निबंध लिही’ असं सांगितलं तर ते छान, गुळगुळीत काहीतरी देईल. त्यात चुकीचे आकडेही असू शकतात आणि मित्राच्या डोक्यातले सहा मुद्दे तसेच राहतील. त्याऐवजी असं लिहा: “मला या विषयावर असाइनमेंट लिहायची आहे. तू लिहू नकोस. मला एका वेळी एकच प्रश्न विचार, मी उत्तर दिलं की पुढचा विचार.” म्हणजे शेजारी बसून ‘मग?’ विचारणारा कुणी नसेल तेव्हा ते काम ॲप करतं. उत्तर मात्र तुमचंच.

पण पेपर तर हातानेच लिहायचाय!

बरोबर. आपली कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये माइक नसतो. म्हणून परीक्षेच्या महिनाभर आधीपासून फोनवरची हीच सवय कागदावर आणा. प्रश्न वाचला की उत्तर सुरू करायच्या आधी शेवटच्या पानावर पेन्सिलने पाच-सहा शब्द: कोरडवाहू, बियाणं, बोंडअळी, फवारणी, मजुरी, भाव. मुद्दा लिहून झाला की त्या शब्दावर काट. डोक्यात धरून ठेवायचं ओझं कागदावर गेलं.

वेळेचं गणितही आधीच करा. समजा तीन तासांत पाच सारखे प्रश्न आहेत. १८० मिनिटांतली ५ वाचायला, प्रत्येक प्रश्नाला ३०, म्हणजे १५० झाली. उरली २५, ती राहिलेल्यासाठी. ३० मिनिटं झाली की वाक्य पूर्ण करून पुढच्या प्रश्नावर जायचं, खाली जागा सोडायची. पहिला प्रश्न सजवत बसण्यापेक्षा पाचही प्रश्नांना हात लागला तर जास्त गुण मिळतात. मनगटी घड्याळ आत न्यायची परवानगी आहे का, हे कॉलेजात आधीच विचारून ठेवा. घरी असे दोन-तीन पेपर पूर्ण वेळ लावून सोडवले तरी फरक कळतो.

निदान कुठे होतं? जादा वेळ मिळतो का?

आधी एक खबरदारी. रील बघून ‘मला पण एडीएचडी आहे’ असं ठरवू नका. झोप कमी असणं, चिंता, नैराश्य, किंवा बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे अचानक इंग्रजी पुस्तकं, यामुळेही लिहिणं अडतं. खरं काय ते मानसोपचारतज्ज्ञच सांगू शकतात. सुरुवात म्हणून टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. तो टोल-फ्री आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष तपासणीसाठी आर्णीमार्गे यवतमाळ गाठता येतं. तिथल्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. जाताना शाळेची जुनी प्रगतीपुस्तकं आणि लहानपण माहीत असलेलं घरचं माणूस सोबत न्या. लक्षणं लहानपणापासून होती का, हे त्यातूनच कळतं. डॉक्टरांनी औषध दिलं तर ते त्यांच्याच सल्ल्याने घ्यायचं. परीक्षेच्या तोंडावर मित्राची गोळी उसनी घेणं धोक्याचं आहे.

आता सवलतीचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. त्यात एडीएचडी हे नाव स्वतंत्रपणे नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि डिस्लेक्सिया, लिखाणातली डिसग्राफिया या त्यातच येतात. म्हणूनच वर म्हटलं होतं की दोन्ही एकत्र असू शकतात हे लक्षात ठेवा. मित्राला लिहिण्याचा खूपच त्रास असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘अध्ययन अक्षमतेचीही तपासणी करा.’ याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याचा उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर फोनवरूनही भरता येतो, तपासणी मात्र ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते.

‘४० टक्के नसेल तर काहीच मिळत नाही’ असं अनेकांना वाटतं. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात वेगळा निकाल दिला. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की लेखनिक देण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व पण लिहायला अडचण असलेल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ धरला आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. वरच्या गणितात प्रत्येक प्रश्नाला आणखी १२ मिनिटं मिळतात.

विद्यापीठाच्या परीक्षेसाठी कोणता अर्ज आणि कोणतं प्रमाणपत्र लागतं, हे कॉलेजच्या परीक्षा विभागात सत्राच्या सुरुवातीलाच विचारा. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही, कारण वैद्यकीय तपासणीला वेळ लागतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि तिचा फोटो ड्राइव्हमध्ये ठेवा. एडीएचडी असलेल्या माणसाकडे कागद सांभाळून ठेवायला देणं म्हणजे तो हरवणारच, तेव्हा ही एक प्रत तुमच्या फोनमध्येही असू द्या.

आज रात्री एवढंच करा

हे सगळं एकदम करायला गेलात तर पुन्हा रॅम भरणार. आज फक्त एक करा. त्या मित्राला फोन लावा, राहिलेल्या असाइनमेंटचा विषय विचारा आणि म्हणा, ‘मला दोन मिनिटं सांग ना त्यात काय आहे.’ तो बोलायला लागला की त्याला माइक चालू करायला सांगा. दोन मिनिटांनी स्क्रीनवर त्याचेच शब्द असतील. पुढचं उद्या.

आणि हा लेख वाचताना मित्राऐवजी स्वतःचाच चेहरा समोर आला असेल, तर ‘मी आळशी आहे’ हे म्हणणं आधी थांबवा. १४४१६ सेव्ह करून ठेवा, आणि लिहायला बसताना ज्याला शेजारी बसवता येईल अशा एका माणसाला हा लेख पाठवा.